तुळशीकडचा खांब

चारुताने नंदूकाकाला बोलावलंय हे घरात फक्त चारुतालाच माहीत होतं, त्यामुळे सकाळी नऊपासून तिच्या पुढच्या दाराकडे खेपा चालल्या होत्या. एकदा गाडीत चार्जर राहिला म्हणून, एकदा टपालपेटीत मेल आलीय का बघायला. पद्मजा कणीक मळत होती. तिने मान वर न करता विचारलं, रविवारी कसली गं मेल? चारुता म्हणाली, विसरलेच. तिसऱ्यांदा ती काहीच निमित्त न सांगता गेली आणि पद्मजानेही मग विचारलं नाही. लेक अ‍ॅशबर्नहून चार दिवसांची रजा काढून वेस्ली चॅपलला आईबाबांकडे येते आणि म्हणते, स्विमिंग पूलवरच्या पिंजऱ्याचं काम बघायचंय. यावर विश्वास ठेवण्याइतकी पद्मजा भोळी नव्हती.

पिंजरा हा काही त्यांनी पाडलेला शब्द नव्हे, फ्लोरिडात सगळेच तसं म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमचे बारा खांब, त्यांवर आडव्या पट्ट्या, आणि चारी बाजूंनी व डोक्यावर जाळी. आत पूल, एक टेबल, चार खुर्च्या. जाळीमुळे डास नाहीत, साप नाहीत, पूलमध्ये झाडाचा पाला नाही, आणि पद्मजाच्या लेखी सगळ्यात मोठी सोय म्हणजे पक्षी नाहीत. तिच्या कुरडया आणि सांडगे त्या पिंजऱ्यात पंधरा वर्षं राखणीशिवाय वाळले. मग गेल्या ऑक्टोबरच्या वादळात एक कोपरा उपटला आणि त्या बाजूची सबंध भिंत पूलमध्ये आडवी झाली. घराला ओरखडासुद्धा आला नाही.

तो आला पुढच्या रविवारी. दर रविवारी सकाळी साडेअकराला सगळं गणगोत व्हिडिओ कॉलवर जमतं. नागपूरहून थोरली बहीण विनीताआक्का, नेपरव्हिलहून चुलतभाऊ, मुलं, सुना, सगळे धरून अकरा चौकटी. आक्काने सहज विचारलं, पिंजरा पडला कसा रे हेमू? आणि पद्मजाचा नवरा हेमचंद्र म्हणाला, "नंदूने उभा करून घेतला होता ना. त्याच्या हातचं काही टिकत नाही."

नंदू, हेमचंद्रचा धाकटा भाऊ, चौथ्या चौकटीत होता. त्याची कंपनी दहा वर्षांपूर्वी बंद पडली होती, पहिलं लग्न दोन वर्षांत मोडलं होतं, आणि हे बाकी सगळ्या चौकटींना ठाऊक होतं. नंदूची चौकट काळी झाली. त्यानंतर आठ महिने तो ना कॉलवर आला, ना घरी. राहतो कुठे, तर लेकलँडला, पाऊण तासावर. चँडलरचं घर विकून, तीस वर्षांची माणसं सोडून हेमचंद्र-पद्मजा फ्लोरिडात आले ते कशासाठी, तर दोघा भावांनी म्हातारपण एकमेकांच्या आसपास काढावं म्हणून. आता काढा.

मागच्या अंगणात राज सव्वाआठपासून शिडीवर होता. राज मूळचा त्रिनिदादचा, साठीला आलेला. वादळानंतर त्याच्याकडे एवढी कामं साचली होती, की यांचा नंबर आठ महिन्यांनी लागला आणि तोही रविवारी. उरलेला पिंजरा उतरवायचा, खांब तपासायचे, चांगले असतील ते ठेवायचे आणि नवा पिंजरा पहिल्यापेक्षा सरस करायचा, असं ठरलं होतं. आता सरस म्हणजे काय यावर घरात तीन मतं. चारुताला टेबलावर पक्कं छप्पर हवं होतं, आईबाबांना उन्हाचा त्रास नको म्हणून. पद्मजा म्हणाली, छप्पर घाल आणि माझ्या कुरडया तुझ्या बेसमेंटमध्ये वाळव. तिला अगदी बारीक विणीची जाळी हवी होती, ते इथले डोळ्यांना न दिसणारे पण चावून जीव नकोसा करणारे किडे आत येऊ नयेत म्हणून. आणि हेमचंद्रला हवे होते दुप्पट जाडीचे खांब. पहिल्यांदा तो नुसतं दुप्पट म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला, इतके जाड की लावणाऱ्याने कितीही हलगर्जीपणा केला तरी उभे राहतील. पद्मजाने पोळपाट ओट्यावर जरा जोरातच ठेवला.

पावणेदहाला नंदूची गाडी आली. चारुताने त्याला फोनवर सांगितलं होतं, की काका, ड्रॉइंगवर स्ट्रक्चरल इंजिनियरची नजर हवी, बाबांचं काय, ते आयुष्यभर भिंगातून धातू बघत आले. पण नंदू ड्रॉइंगसाठी आला नव्हता. आठ महिने रोज सकाळी वहिनीला फोन करायला घ्यायचा आणि ठेवून द्यायचा, याचा त्याला कंटाळा आला होता. त्याची बायको प्रतिमा गाडी चालवत होती. तिने हायवेवरच सांगून टाकलं होतं, की मी उतरणार नाही, भाऊ तुझा आहे, तू जा, मी एसी लावून बसते.

नंदू घरात न शिरता बाजूच्या फाटकातून थेट मागे गेला. हेमचंद्र सरकत्या दाराशी खुर्ची टाकून राजच्या कामावर देखरेख करत बसला होता. भावाला बघून त्याचा चेहरा एकदम उजळला. चारुताने ते पाहिलं. लगेच त्याने हातातला कागद तोंडासमोर धरला, आणि तेही तिने पाहिलं.

"चारू," हेमचंद्र कागदामागून म्हणाला, "तुझ्या काकांना सांग, शिडीखाली उभं राहू नये."

"चारू, तुझ्या बाबांना सांग, मी चाळीस वर्षं साइटवर काढली आहेत."

पुढचा अर्धा तास हे असंच चाललं. चारुता पंचेचाळिशीतली, ऑफिसात चाळीस माणसांची बॉस, आणि इथे ती दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये उभी राहून निरोप पोचवत होती. ड्रॉइंगमध्ये खांबांचं अंतर किती धरलंय, हे काकांनी विचारलंय. ते कागदावर लिहिलंय, हे बाबांनी सांगितलंय. कागद काकांना हवाय. कागद बाबा वाचतायत. शेवटी ती म्हणाली, मी चहा टाकते, आणि आत निघून गेली. मग दोघांचं बोलणं थांबलं. हेमचंद्रही थोड्या वेळाने गोळीची वेळ झाली असं कुणाकडेही न बघता सांगून आत गेला.

तेव्हा राजने नंदूला हाक मारली.

राजने खांबांचे पाय एकेक करून तपासले होते. अकरा खांबांचे पाय नव्यासारखे होते. बारावा, कोपऱ्यातला, गॅरेजमागच्या ताडपत्रीखाली वादळापासून पडून होता. तो त्याने ओढून काढला, तर त्याला पायच नव्हता. खालचे चार-पाच इंच पांढरी भुकटी होऊन गेले होते, आणि वर सगळी भोकंच भोकं. पण बोल्ट मारून बसवलेल्या ज्या कंसाने, म्हणजे ब्रॅकेटने, तो काँक्रीटला धरला होता तो कंस मात्र अजून जागच्या जागी होता. राजने त्यावर हातोड्याचे दोन सणसणीत घाव घातले. कंस ढिम्म हलला नाही.

नंदू खाली बसला. ते बोल्ट त्याने स्वतः आवळले होते. पंधरा वर्षांपूर्वी, कामगारांवर न सोडता, दादाचं घर म्हणून, दोन्ही गुडघे सोलवटेपर्यंत. आठ महिने त्याला रात्रंदिवस एकच शंका छळत होती, की खरंच एखादा बोल्ट ढिला राहिला का आपल्या हातून. ही शंका त्याने प्रतिमालाही बोलून दाखवली नव्हती. आता त्याने त्या बोल्टावर अंगठा ठेवला आणि त्याला रडू आलं. राज दुसरीकडे बघून पाणी प्यायला.

मग राजने विचारलं, या कोपऱ्यात काय असायचं? काँक्रीटवर कुंडीचा गोल डाग होता. नंदू म्हणाला, वहिनीची तुळस. राजने मान हलवली आणि विचारलं, सकाळचं पाणी कशाने घालतात, लोट्याने? तांब्याच्या? नंदू हो म्हणाला. राजची आजी त्रिनिदादला अंगणात रोज तसंच पाणी द्यायची. राजने हा प्रकार याआधी दोन घरांत पाहिला होता, आणि त्यातलं एक त्याच्या स्वतःच्या आईचं होतं. रात्रभर तांब्यात राहिलेलं पाणी, त्यात तांब्याचा अंश उतरतो, तो अ‍ॅल्युमिनियमवर रोज पडला की अ‍ॅल्युमिनियमला खात सुटतो. राज म्हणाला, हे फक्त आपल्या लोकांच्या घरी होतं. त्याचे पूर्वज दीडशे वर्षांपूर्वी भारतातून गेलेले, पण तो आपल्या लोकांच्या असंच म्हणाला.

चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी नंदू चँडलरजवळच्या टेम्पीला शिकायला आला तेव्हा खिशात काही नव्हतं, आणि तीन वर्षं तो दादा-वहिनीच्या दोन खोल्यांत सोफ्यावर झोपला होता. वहिनी तेव्हा सव्वीस वर्षांची होती, चारुता पाळण्यात. परीक्षेच्या दिवशी वहिनी पहाटे उठून त्याला गरम पोळी करून द्यायची, आणि वर म्हणायची की मला तशीही जागच आली होती. आता स्वतःचं नाव धुऊन निघायचं तर वहिनीचं नाव पुढे करायला हवं होतं. त्याने राजला विनंती केली, की घरात सांगताना वारा जोराचा होता एवढंच सांग. राजला ते पटलं नाही, पण त्याने खांदे उडवले.

दोघांनाही कल्पना नव्हती की फाटकाशी प्रतिमा उभी आहे. एसी लावून बसणं तिला तासभर जमलं, मग बाथरूमला जाणं भाग पडलं. तिने सगळं ऐकलं आणि नवऱ्याला काही न विचारता ती स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरली.

पद्मजाला आधी नुसताच आनंद झाला. आठ महिन्यांनी जाऊ दारात उभी, म्हणून तिने भरल्या हातांनीच तिला जवळ घेतलं, ड्रेसला पीठ लागलं. प्रतिमाचा सगळा ताठा त्या पिठात जातो की काय असं क्षणभर तिला स्वतःलाच वाटलं. पण तिने ठरवून बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, वहिनी, मी भांडायला आले नाही, पण आता गप्पही बसणार नाही. आणि तिने बोल्ट, खांब, तुळस, गडू, सगळं सांगितलं. नवरा राजला काय म्हणाला तेही सांगितलं. चारुता गॅससमोर तशीच उभी राहिली आणि चहा उतू गेला.

"आठ महिने हे नीट जेवलेले नाहीत," प्रतिमा म्हणाली. "आणि आता म्हणतात, वारा जोराचा होता. तुमच्यासाठी."

पद्मजा खुर्चीत बसली. तिला लाज वाटली, पण खांबाची नाही. तिच्या लक्षात आलं की या आठ महिन्यांत तिनेही नंदूला एक फोन केला नव्हता. नवऱ्याचं बोलणं चुकीचं होतं हे तिला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी घरात वाद नको म्हणून ती गप्प राहिली होती. ज्याला तिने पोरासारखं सांभाळलं, तो तिच्यासाठी आजही खोटं बोलायला तयार होता. तिला स्वतःचा मनापासून राग आला, आणि मग नवऱ्याचा त्याहून जास्त.

ती उठली, हात धुतले, आणि हेमचंद्र मागे जायला निघाला होता त्याच्या आधी दारातून बाहेर पडली.

"अहो, इकडे या," ती म्हणाली. "हा खांब बघा. नंदूभाऊजींचे बोल्ट शाबूत आहेत. खांब माझ्या तुळशीच्या पाण्याने खाल्ला."

"वहिनी," नंदू म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही फार बोललात त्या राजपाशी."

हेमचंद्रने खिशातून भिंग काढलं. ते त्याच्या खिशात असतंच, रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली तरी. तो खांबापाशी ओणवा झाला आणि पहिल्या नजरेतच त्याला सगळं समजलं. भोकांच्या कडांना लालसर डाग होते. तीस वर्षं चँडलरच्या कारखान्यात त्याचं कामच ते होतं: चिप का बिघडली ते शोधायचं. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांशेजारी कशी नांदत नाहीत, हे त्याने कोवळ्या इंजिनियरांच्या किती तुकड्यांना शिकवलं असेल. आणि ती कुंडी हिरवळीवरून उचलून त्या खांबाला चिकटवून कुणी ठेवली होती? त्यानेच. नऊ वर्षांपूर्वी पद्मजाचा गुडघा बदलला तेव्हा तिला ओल्या गवतात चालायला नको म्हणून.

पण त्याला खरी चपराक बसली ती वेगळ्याच गोष्टीची. खांब आठ महिने ताडपत्रीखाली होता, त्याच्या झोपायच्या खोलीपासून वीस पावलांवर. कारखान्यात एखाद्याने तुकडा न तपासता कारण सांगितलं तर हेमचंद्र त्याला मीटिंगमधून बाहेर काढायचा. ही ताडपत्री त्याने एकदाही उचलून पाहिली नव्हती. नंदूचं नाव इतकं हाताशी होतं की पुरावा बघायची गरजच वाटली नाही.

"कुंडी तिथे मी ठेवली," तो म्हणाला. "हिला कुणी काही बोलायचं नाही."

"तिला कोण बोलतंय?" नंदू थेट त्याच्याकडे बघून म्हणाला. मध्ये चारुता नव्हती, आणि हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पद्मजा म्हणाली, उद्यापासून तुळशीला स्टीलच्या भांड्याने पाणी. नंदू म्हणाला, काही गरज नाही, गडू तोच ठेवा वहिनी, नव्या पिंजऱ्यात मी तुळशीला खांबांपासून लांब, पूर्वेला जागा काढून देतो, पाणी जायला उतारही देतो. राज म्हणाला, त्याच्या आईकडेही त्याने तेच केलं. छपराचा मुद्दा तेवढ्यात निकालात निघाला, कारण तुळशीला ऊन हवं यावर चारुतालाही काही म्हणता येईना.

हेमचंद्र हे ऐकत उभा होता. मग तो भावाकडे वळून सॉरी म्हणाला. इंग्रजीत, घाईघाईने.

नंदूने मान हलवली. "असं नाही. तू अकरा चौकटींसमोर बोलला होतास. त्यानंतर आक्काशी मला आजवर बोलता आलेलं नाही. तिने कंपनीबद्दल विचारलं तर, या भीतीने."

साडेअकराला सहा मिनिटं होती. हेमचंद्र आत गेला. प्रतिमाला वाटलं, संपलं, हा माणूस आता खोलीचं दार लावून घेणार. पण तो लॅपटॉप घेऊन बाहेर आला, उघड्या पूलशेजारी टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसला.

चौकटी एकेक करून भरल्या. आक्का म्हणाली, आज बाहेर कसा रे हेमू, उन्हात? हेमचंद्रने घसा साफ केला आणि सुरुवात केली ती तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमपासून. ओलावा, विद्युतप्रवाह, धातूचं झिजणं. पाच मिनिटं तो थांबायला तयार नव्हता. नेपरव्हिलचा भाऊ शेवटी चौकटीतून उठूनच गेला. पद्मजा नवऱ्याच्या मागे उभी होती. तिने त्याला टोकलं नाही. त्याच्या मानेवर आलेला घाम तिला दिसत होता, आणि एवढा घाबरलेला तिने त्याला मुलीच्या जन्मानंतर पाहिला नव्हता.

मग तो आपणहून थांबला.

"थोडक्यात म्हणजे," तो म्हणाला, "ऑक्टोबरात मी नंदूबद्दल जे बोललो ते खोटं होतं. मी न बघता बोललो. त्याने आवळलेले बोल्ट अजून हललेले नाहीत. चूक माझी होती, आणि पिंजऱ्याचं सोडा, मी माझ्या भावाला..."

नागपुरात आक्काने चष्मा काढला. नेपरव्हिलचा भाऊ परत येऊन बसला होता आणि काय झालं हे कुणाला विचारावं त्याला कळत नव्हतं. हेमचंद्र दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला, शाळेत बोलणी खाल्ल्यावर पोर बसतं तसा.

नंदू कोपऱ्यात, त्या कंसापाशी, राजची मोजपट्टी घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने एकदा बाहीने डोळे पुसले, मग पुन्हा पुसले.

"दादा," त्याने हाक मारली. "पुरे आता. इकडे ये, पट्टीचं टोक धर. मला एकट्याला मोजता येत नाहीये."

हेमचंद्र कॉल तसाच चालू ठेवून उठला, आणि नंदूने बोट दाखवलं तिथे जाऊन उभा राहिला.